खानाच्या वाटेनं उलटं : वाई ते विजापूर

आमचं गाव वाई. अफझलखानाची गोष्ट इथे पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकायला मिळते. खान विजापूरहून निघाला, तुळजापूर-पंढरपूर करत वाईला आला, इथे त्याचा तळ पडला, आणि इथूनच तो जावळीच्या रानात उतरला तो परत गेला नाही. प्रतापगडाच्या पायथ्याची त्याची कबर लहानपणापासून पाहत आले. पण तो निघाला ते विजापूर? ते मात्र माझ्या डोक्यात नुसतं एक नाव होतं. दरबार भरतो, बडी बेगम विचारते, कोणीतरी विडा उचलतो, एवढंच. नोकरी बँकेत असली तरी वीस वर्षं रात्री जागून शिवकाळ वाचतेय, आणि ज्या राज्याशी झुंजून स्वराज्य उभं राहिलं त्याची राजधानी मी एकदाही पाहिली नव्हती. याची टोचणी लागून राहिली होती. या जानेवारीत जोडून सुट्ट्या आल्या आणि ठरवलं, खान आला त्या वाटेनं आपण उलटं जायचं.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला वाई सोडली. गाडीत आम्ही पाच जण : नवरा, सासूबाई, नववीतली लेक, पाचवीतला मुलगा आणि मी. फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, म्हणजे पंढरपूरपर्यंत सगळा पालखीचाच रस्ता. सासूबाईंची एकच अट होती, पंढरपूर वाटेत असताना पांडुरंगाला ओलांडून जायचं नाही. दर्शनाची रांग लांबच लांब होती, म्हणून नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि निघालो.

मंगळवेढ्याच्या पुढे जमिनीचा रंगच बदलला. काळी, भेगाळलेली, ओल धरून बसलेली जमीन आणि तिच्यावर नजर जाईल तिथवर शाळू. कणसं भरत आली होती. दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत याच मंगळवेढ्याचे. ती गोष्ट आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मुलांना गाडीत सांगितली, आणि गोष्ट सांगायला तेवढा एकच मुलूख योग्य असावा असं बाहेर बघताना वाटत राहिलं. चडचण आलं, पाट्या कानडीत झाल्या. शेतं तीच राहिली. बांधावर थांबून हुरडा घेतला, तेव्हा देणाऱ्या आजोबांनी आमचं मराठी ऐकून मराठीतच विचारलं, "कुठलं गाव?" वाई म्हटल्यावर म्हणाले, "कृष्णाकाठचं." त्यांना खान आठवला नाही, नदी आठवली.

विजापुरात पोचलो दोनच्या सुमाराला. (२०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा आहे, पण मराठीत तोंडात विजापूरच येतं.) आरक्षण केलेल्या लॉजवर खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या होत्या, त्यामुळे तासभर फिरून दुसरीकडे सोय लावावी लागली. त्यात दुपार गेली. उन्हं कलताना मात्र इब्राहिम रोझा गाठला.

मी गोलघुमटासाठी आले होते, पण मन अडकलं ते इब्राहिम रोझ्यात. एका उंच चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक मकबरा, एक मशीद, मध्ये हौद आणि कारंजं. दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्य १५८० ते १६२७) आणि त्याची बेगम ताज सुलताना इथे आहेत. बांधकाम मलिक संदल याच्या हाताखाली झालं. मनोऱ्यांची टोकं उमलत्या कळ्यांसारखी, छज्ज्याखाली दगडात कोरलेल्या साखळ्या. खिडक्यांच्या जागी दगडाच्या जाळ्या आहेत आणि त्या जाळ्या म्हणजे चक्क अक्षरं. कुराणातली वचनं दगडातून आरपार कोरलीत, त्यामुळे आतल्या अंधारात उजेड येतो तो अक्षरांच्या फटींतून. लेकीनं हात पुढे केला तर तिच्या तळव्यावर एका अक्षराचा वळसा पडला. हात हलवला की वळसा बोटांवरून सरकत जायचा. ती बराच वेळ तेच करत राहिली.

ती गाणं शिकते, म्हणून तिला मुद्दाम सांगितलं की हा सुलतान स्वतः गाणारा होता. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान. दख्खनी भाषेत त्यानं रागांवर पदं रचली, 'किताब-ए-नौरस', आणि त्यात सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. लेक म्हणाली, "आई, हे आपल्या पुस्तकात का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे आदिलशाही सुरू होते ती शहाजीराजांपासून आणि संपते ती तहांच्या यादीत. त्याआधी दीडशे वर्षं या गादीवर माणसं होती, त्यांना छंद होते, भाषा होती, हे मी स्वतःच फार उशिरा वाचलं.

आणि ती भाषा पुष्कळशी आपलीच होती. सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहिमनं महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत आणले आणि दप्तरं ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिली. पुढे आदिलशाही फर्मानांवर वर फारसी आणि खाली मोडीत मराठी असा जोडमजकूर सर्रास दिसतो. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी वतनांच्या भांडणांतले किती कागद या दरबाराशी बांधलेले आहेत! आपली मोडी या शहरात परकी नव्हती.

दुसरा दिवस

गोलघुमट सकाळी लवकर उघडतो, आणि सहलींच्या बसेस यायच्या आत आत शिरायचं असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सहाला दारात हजर. धुक्यात तो घुमट जमिनीवर ठेवल्यासारखा दिसत होता, मग जवळ जाता जाता वर वर उचलला गेला.

महंमद आदिलशहाचा हा मकबरा. राजा हयात असतानाच काम सुरू झालं आणि १६५६ मध्ये तो वारला तेव्हा इथेच दफन झाला. स्थपती दाभोळचा याकूत. म्हणजे आपल्या कोकणातल्या बंदरातला माणूस. आतलं दालन साधारण ४१ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, मध्ये एकही खांब नाही. बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटर. मध्यभागी चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली सुलतानाची आणि घरच्या माणसांची थडगी. खऱ्या कबरी खाली तळघरात.

नवरा बांधकामातला. इतिहासात त्याला फारसा रस नाही, पण इथे तो पाच मिनिटं मान वर करून तसाच उभा राहिला. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा प्रश्न होता. त्यानं नंतर नाश्त्याच्या टेबलावर दोन कागदी रुमाल घेतले, एकावर एक ठेवले आणि वरचा फिरवला. आठ टोकांची चांदणी झाली, मध्ये अष्टकोन उरला. "हे बघ, भिंतीतून आठ कमानी निघतात, त्या एकमेकींत गुंफल्यात. चौकोन आवळत आवळत आत आणलाय. जे आत झुकलंय त्याचं वजन आतल्या बाजूला ओढतं आणि घुमट बाहेर रेटतो. दोन्ही एकमेकांना धरून बसलेत." साडेतीनशेच्या वर वर्षं धरून बसलेत. पोरगा तो रुमाल घडी घालून खिशात ठेवून गावी घेऊन आला.

चार कोपऱ्यांना चार सातमजली बुरूज, त्यांच्या पोटातून अरुंद जिना. आईंचे गुडघे दुखतात. मी म्हटलं, आई, तुम्ही खाली बसा. त्या म्हणाल्या, "पंढरपुराहून इथवर आले, आता सात मजल्यांसाठी थांबू?" प्रत्येक मजल्यावर खिडकीशी दम खात चढल्या. वर घुमटाभोवती आतून सज्जा आहे, तीच बोलकी गॅलरी. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं की समोरच्या टोकाला, सदतीस-अडतीस मीटरवर, भिंतीला कान लावलेल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू येतो. आम्ही गेलो तेव्हा वर दुसरं कोणी नव्हतं. लेकीला म्हटलं, सा लाव.

तिनं हळू सा लावला. थांबली. तो सा घुमटात फिरून परत आला, मग पुन्हा आला, आणि विरायच्या आत तिनं त्यावर गंधार ठेवला, मग पंचम. तीन सूर एकाच वेळी आमच्या डोक्यावर उभे होते आणि गाणारी मुलगी गप्प होती. आईंनी डोळे मिटून हात जोडले. मी खाली त्या थडग्यांकडे पाहत होते. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद करून याच माणसापुढे आणलं होतं, आणि आणणारा होता अफझलखान. बापाच्या सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंढाणा सोडावा लागला. इतकी वर्षं ही ओळ मी कागदावर वाचत आले. ज्याच्या हुकमानं ती घडली त्याच्या छताखाली उभं राहून ती आठवली तेव्हा पोटात कालवलं. राजे तेव्हा अठरा वर्षांचे होते. माझ्या लेकीहून चार वर्षांनी मोठे.

तेवढ्यात खालून पहिली सहल आली आणि दोनशे पोरांच्या आरोळ्यांनी घुमट भरून गेला. उतरलो. समोर नगारखान्यात संग्रहालय आहे. शिलालेख, जुनी शस्त्रं, गालिचे, चिनी भांडी. शिलालेखांसाठी तासभर काढावा. बाकी भराभर पाहिलं तरी चालेल.

मग जामा मशीद. तालिकोटच्या लढाईनंतर (१५६५) पहिल्या अली आदिलशहानं बांधायला घेतली. ठरल्याप्रमाणे पुरी झालीच नाही. फरशीवर नमाजासाठी आखलेले २२५० चौकोन आहेत, ते औरंगजेबाच्या काळातले. कमानीमागे कमान, पांढरा गिलावा, पायाखाली गार फरशी आणि पूर्ण शांतता. आम्ही डोक्यावर पदर, ओढण्या घेऊन एका कडेला बसून राहिलो.

आसार महालात मात्र मन खट्टू झालं. महंमद आदिलशहानं न्यायदानासाठी बांधलेला हा महाल, पुढे इथे पैगंबरांच्या केसांचे अवशेष ठेवले. उंचच उंच लाकडी खांब, पुढे पाण्यानं भरलेला हौद. बायकांना आत प्रवेश नाही. नवरा आणि मुलगा आत गेले. मी, आई आणि लेक हौदाच्या काठाशी उभ्या. श्रद्धेच्या जागेचे नियम असतात, ते मी पाळले. पण वीस वर्षं ज्या दरबाराबद्दल वाचलं त्याच्या उंबऱ्यापाशी थांबावं लागलं, हे मनाला लागलं. मुलगा बाहेर आल्यावर त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली : छत कसं, रंग उरलेत का, जिना कुठे. इथल्या ग्रंथसंग्रहातली हस्तलिखितं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लंडनला नेली. तीही आता दुसऱ्यांच्याच डोळ्यांनी वाचायची.

दुपारी स्टँडजवळच्या खानावळीत जेवलो. पातळ, कडक ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी, दही. आईंनी चटणीवर तेल घेत विचारलं, यात कारळं आहे का? वाढणाऱ्या बाईंनी खूण करून दोन डबे आणून दाखवले, एकात शेंगा, एकात कारळं. पुढचा अर्धा तास त्या दोघींचं कानडी-मराठीत चटण्यांवर चाललं होतं. मी मध्ये पडले नाही.

गगन महाल ही आता फक्त एक अवाढव्य कमान उरली आहे, साठ फूट रुंद, दोन बाजूंना उंच अरुंद दोन कमानी. छप्पर केव्हाच गेलं, आत गवत. १५६१ मध्ये बांधलेला हा दरबार. सव्वा वर्षाहून अधिक वेढा सोसून १२ सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडलं. शेवटचा सुलतान सिकंदर, अठरा वर्षांचा मुलगा, औरंगजेबापुढे आणला गेला तो इथे; बेड्या चांदीच्या होत्या म्हणतात. पुढे चौदा वर्षं कैदेत काढून तो वारला. शिवाजीमहाराज जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आदिलशाही बुडाली, आणि तीनेक वर्षांत रायगडही मोगलांकडे गेला. इथे उभं राहून कळतं की ते दोन धक्के एकाच हाताचे होते, एकामागोमाग एक.

उन्हं उतरताना शेरझा बुरूज, वर मुलुख-मैदान तोफ. ही तोफ मी फोटोत शंभर वेळा पाहिली असेल, पण तिला हात लावला तेव्हा दचकले. दिवसभर उन्हात पडलेलं ते धूड गार होतं. तोंडाशी सिंहाचा जबडा, आणि जबड्यात दातांखाली सापडलेला हत्ती. हत्तीचे डोळे बोटानं लागतात इतके ठळक. वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांवर. १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी यानं ओतली. अंगावर लेख आहेत, आणि विजापूर घेतल्यावर औरंगजेबानं आपलाही लेख त्यात घालून घेतला. मुलानं नखानं टकटक केलं तर घंटेसारखी बारीक आस उठली. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, ती दीडशे रुपयांना लिलावात निघाली होती. शेवटी सौदा रद्द झाला म्हणून आज इथे आहे.

पण मला मुलांना वेगळंच सांगायचं होतं. १६३२ मध्ये ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावरून विजापूरला ओढून आणली ती आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं. तिची जोडीदार कडक बिजली वाटेत नदीत बुडाली. आणि हाच मुरार जगदेव, ज्यानं त्याच्या एक-दोन वर्षं आधी शहाजीराजांची पुणे जहागीर जाळली आणि जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला. जिजाऊंनी पुण्यात सोन्याचा नांगर फिरवला म्हणून सांगतो ना, तो या माणसाच्या नांगरावर. पुढे शहाजीराजे आणि हा मुरारपंत एकाच बाजूला आले. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्यानं तुला केली म्हणून त्या गावाचं नाव तुळापूर. मुलगा म्हणाला, "म्हणजे तो आपला की त्यांचा?" मी म्हटलं, त्या काळात हा प्रश्न रोज सकाळी नव्यानं पडत असेल. राजांनी त्याचं एक उत्तर कायमचं दिलं, म्हणून ते राजे.

जवळच्या उपळी बुरुजावर चढून सूर्यास्त पाहिला. बाहेरून वळत जाणारा जिना, वर दोन लांबलचक तोफा, आणि सगळं शहर पायाशी. परतताना बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाचा अर्धवट मकबरा. महाराजांशी ज्याचा खरा सामना झाला तो हाच. काळ्या दगडाच्या कमानी आभाळाला उघड्या, वर चंद्र. कोणी बोललं नाही.

तिसरा दिवस

ताज बावडी वाटेत पाहिली; मोठी आहे, पाण्याकडे बघवत नाही. तिथून शहराबाहेर पश्चिमेला निघालो, साठ कबरींकडे. मी हे ठिकाण शेवटासाठी राखलं होतं.

रस्ता शेतांतून जातो. दोनदा चुकलो, एका गुराख्यानं बोट दाखवलं. झाडोरा, बाजूला एक जुनी विहीर, आणि चौथऱ्यावर ओळीनं काळ्या दगडाच्या कबरी. सगळ्या सारख्या, सगळ्यांचा माथा सपाट, म्हणजे बायकांच्या. साठाहून जास्त. दंतकथा अशी की मोहिमेवरून परत येणार नाही असं ज्योतिष्यानं सांगितलं म्हणून अफझलखानानं निघण्याआधी आपल्या बायका या विहिरीत बुडवून मारल्या. खरंखोटं सिद्ध झालेलं नाही. पण कबरी आहेत, आणि इतक्या सारख्या, इतक्या जवळजवळ आहेत की त्या एकाच घरच्या असाव्यात हे न सांगता कळतं.

मी वाईची. १६५९ सालच्या त्या दिवसाचा अभिमान माझ्या रक्तात आहे आणि तो उणा होण्याचं कारण नाही; या कबरी पाहिल्यावर तर राजांसमोर केवढं क्रूर माणूस उभं होतं असं आमच्याकडे म्हणतील, आणि मीही ते म्हणेन. पण त्या गोष्टीत घोडदळ किती, तोफा किती, उंट किती हे सगळं मला पाठ होतं. या बायका कुठल्याच मोजदादीत नव्हत्या. एकीचंही नाव मला माहीत नाही.

आई चपला काढून चौथऱ्यावर गेल्या. पंढरपूरला घेतलेला तुळशीहार पिशवीत होता, सुकलेला. मला वाटलं त्या वाहतील. त्यांनी तो बाहेर काढला, हातात धरला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "यांना हे चालेल की नाही कोण जाणे." मग बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन पहिल्या ओळीतल्या कबरीवर घातलं. तापलेल्या दगडावर ते क्षणात सुकलं. त्यांनी दुसऱ्यांदा घातलं.

मुलगा मोजत निघाला, आईही मागून दुसऱ्या कडेनं मोजत निघाल्या. दोघांचा आकडा जुळेना, एकाचा फरक. नवरा गाडीपाशी थांबला होता, ऊन चढायच्या आत पंढरपूर गाठायचं होतं. तरी कोणी हाक मारली नाही. आज्जी आणि नातू पुन्हा पहिल्या ओळीपाशी गेले, आणि या वेळी प्रत्येक दगडावर हात ठेवत मोजू लागले.